निवेदनातला मृत्यू

मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने लिहीत आलो. उधन्यातल्या यंत्रमाग मालकांच्या एका मंडळात मी लेखनिक होतो. विजेचा दर, सुतावरचा कर, गल्लीत साचणारं पाणी, काहीही असो, गांधीनगरला किंवा दिल्लीला निवेदन धाडायचं ठरलं की मालक लोक तावातावाने बोलत आणि मी ते शांत हिंदीत मांडून देत असे. मालक बहुतेक गुजराती, मी खानदेशी. पण माझं अक्षर चांगलं होतं आणि सरकारी भाषा मला जमत होती. त्या शेकडो निवेदनांतलं एक खोटं आहे. त्यात एक माणूस मरतो, आणि तो जसा मेला तसं मी लिहिलेलं नाही.

तो माझ्या गावचा होता. धुळ्याकडच्या आमच्या गावातून त्याला सुरतेला मीच आणलं. वीस वर्षांचा असताना तो माझ्यामागे पत्र्याची पेटी घेऊन उधना स्टेशनावर उतरला होता. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. एका जुन्या खात्यात मी त्याला चिकटवून दिलं. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. खाडीपलीकडच्या चाळीत एक खोली घेऊन ती तिघं राहत. तो, त्याची बायको आणि पुढे ती मुलगी, सगळी मला आप्पा म्हणत. माझ्या घरी पोर नाही, त्यामुळे सणावाराला मी त्यांच्याकडेच जेवायचो.

त्या वर्षी सुरतेत एकच विषय होता. पूर्वेकडच्या देशांचा एक मोठा व्यापारी गट बनत होता आणि आपल्या देशाने त्यात जायचं की नाही, हे दिल्लीत ठरायचं होतं. गटात गेलं की एकमेकांच्या मालावरची जकात उतरणार, बऱ्याच मालावर ती राहणारच नाही. काही जाणकार म्हणत, जायलाच हवं; त्या मुलखातले व्यापाराचे नियम तिथे ठरणार, आपण बाहेर राहिलो तर ते आपल्याला न विचारता ठरतील, आणि शेजारचा मोठा देश सगळ्यांवर आपलं वजन वाढवून बसेल. दुसरे म्हणत, तोच मोठा देश गटात आहे, मग त्याच्या मालाला आपण आपल्या हाताने वाट करून द्यायची का? सरळ आला नाही तर तो छोट्या देशांचे शिक्के मारून येईल.

सुरतेत मात्र देशाचं हित प्रत्येक गल्लीत वेगळं होतं. कापड विणणाऱ्याला बाहेरचं कापड नको होतं, पण बाहेरचं स्वस्त सूत हवं होतं. सूत बनवणाऱ्याला बाहेरचं सूतही नको होतं. पलसाण्याकडच्या रंगाईवाल्यांना बाहेरची रसायनं लागत. आणि ज्याला जमेल तो मालक जुने माग भंगारात काढून पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे माग आणत होता. ते त्याच शेजारच्या देशातून येत होते. मी निवेदनात हे सगळं एका रेषेत बसवत होतो. "आम्हा विणकरांचं म्हणणं" असं लिहायचो. लिहिणारा विणकर नव्हता आणि सांगणारेही मालक होते.

एकदा तो मंडळाच्या कचेरीत माझ्यासाठी डबा घेऊन आला. मी लिहीत होतो. त्याने विचारलं, "आप्पा, हाऊ गट म्हनजे काय? आपला बायकास्ना बचत गट ऱ्हास तसा का?"

मी हसून त्याला समजावलं. तिकडचं कापड इथे विकायला येईल आणि इथलं तिकडे जाईल, असं सांगितलं.

"म्हनजे तठला कारागीर आनि मी एकच बजारमा," तो म्हणाला. "मंग त्याले इचारा ना, तू कितला माग चालाडस? आनि तुना शेठ बी असाच चेंगट शे का?"

मालक आतच बसले होते. मी त्याला डोळ्यांनी दटावलं. तो तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला आणि जिन्यात मोठ्याने हसला.

होळीच्या आसपास त्याच्या शेठने जुने माग भंगारात दिले. नवे माग यायचे होते, ते चालवायला कमी माणसं लागणार होती, आणि त्यात त्याचा नंबर नव्हता. त्याला मी दुसऱ्या खात्यात बदलीवर लावलं. बदलीचा कारागीर म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा. हजेरीच्या वहीत नाव मूळ माणसाचंच लागतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळ्यांची अडचण निभावते.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अखाजीला खानदेशातला माणूस सुरतेत राहत नाही. माहेरवाशिणी, झोके, आमरस आणि पितरांच्या नावाने भरलेली घागर, यासाठी आमचे लोक नोकरीवर पाणी सोडून गाड्या भरून गावाला जातात. खात्यांत मागापुढे माणूस उरत नाही. जे मागे राहतात ते दोन-दोन, तीन-तीन माणसांचे माग सांभाळतात. त्याने बायकोला आणि मुलीला आधी पाठवलं आणि स्वतः तीन जणांच्या बदलीवर थांबला. एका दिवसाने निघणार होता. रात्रपाळी करून तो दिवसपाळीलाही तिथेच उभा राहिला. पत्र्याचं छत, वैशाखाचं ऊन, आणि वाऱ्याने सूत उडू नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या.

दुपारी तो मागांच्या मधल्या बोळात पडला. पडताना कोणी पाहिलं नाही. माणूस पडला तरी माग चालूच राहतात. धोट्यातली कांडी संपेपर्यंत माग कापड विणत राहतो, आणि सूत संपलं की आपोआप थांबतो. त्याच्या ताब्यातले माग असे एकेक करून थांबत गेले. पलीकडच्या ओळीतल्या कारागिराला आधी वाटलं, हा विडी प्यायला गेला. चौथा माग थांबला तेव्हा तो बघायला आला.

खात्याच्या शेठने मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्याला कापडाच्या ताग्यांवर निजवलं होतं आणि तोंडावर पाणी मारत होते. पुढे तो गेला. ओळखीच्या डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाला की तो खात्यात नव्हताच, वहीत त्याचं नाव नाही. तो त्याच्या खोलीत सापडला असं सांगा, नाहीतर पोलीस येतील, सरकारचे कामगार अधिकारी येतील, सगळ्यांचंच काम बंद होईल. मी मान हलवली. गाडी करून त्याला गावी मीच नेलं, आणि अंगणात बसलेल्या बायकांना सांगितलं की तो खोलीत सापडला. अखाजीचा दुसरा दिवस होता. झाडांना झोके तसेच होते.

इथवरचं खोटं कदाचित विरून गेलं असतं. उन्हाने माणसं जातात. गावाने ते मान्य केलं होतं. पण दीड महिन्याने दिल्लीहून अधिकारी यायचं ठरलं. त्या गटाबद्दल सुरतेच्या कापडवाल्यांचं म्हणणं ते ऐकून घेणार होते. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं.

"काका, आकडे तो सगळेच देतील," ते म्हणाले. "एक माणूस दाखवायला पाहिजे. तुमच्या गावचा तो होता ना? माग गेले त्याचे."

"हो, पण तो हृदय बंद पडून गेला," मी म्हणालो.

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "हार्ट अटॅक तो बधाने आवे, काका. दिल्ली एनाथी नथी हलती." त्याने दिल्ली हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बसलो आणि लिहिलं. बाहेरच्या कापडामुळे याचे माग बंद पडले, हा बेकार झाला, बायको-मुलीला गावी पाठवून खोलीत एकटा राहिला आणि तिथेच त्याने आत्महत्या केली. उद्या देश या गटात गेला तर असे किती जीव जातील याचा विचार व्हावा. त्याचे माग गेले होते, हे खरं होतं. पण ते बाहेरच्या कापडामुळे गेले नव्हते. तो मेला होता, हेही खरं होतं. बाकी सगळं माझं. लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं. मला ते चांगलं उतरलंय असं वाटलं, हेही इथे नोंदवतो.

त्याच्या बायकोची सही हवी होती. मी गावी गेलो. सरकारकडे अर्ज आहे, मदत होईल, असं तिला सांगितलं. तिला हिंदी वाचताना अडखळायला होत असे. तिने पहिली ओळ बोटाने लावायला घेतली. मी म्हणालो, "अगं, मी लिहिलंय." तिने बोट उचललं आणि सही केली.

अधिकारी आले त्या दिवशी सभागृहात अध्यक्षांनी ते पान वाचून दाखवलं. अधिकाऱ्यांपैकी एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तो होता. पुढे इतर शहरांतल्या सभांमध्ये कोणी कोणी त्याचा दाखला देऊ लागलं. "सुरतचा तो विणकर." एकाने त्याला चार मुलं दिली. एकाने त्याच्या खिशात चिठ्ठी घातली. मी वाचत असे आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळ्या तऱ्हेने मरत असे.

शेवटी देश त्या गटात गेला नाही. माझ्या एका पानाने ते घडलं असं मी समजत नाही. त्याला मोठी कारणं होती आणि सुरतेपेक्षा मोठ्या लोकांनी ती तोलली. ते बरोबर तोललं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. पण कचेरीत पेढे वाटले तेव्हा अध्यक्षांनी पहिला पेढा माझ्या हातात दिला आणि मी तो खाल्ला.

त्याने आत्महत्या केल्याची ती बातमी गावातही पोचली होती. पुढच्या अखाजीला मी गावी होतो. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसासाठी मातीची घागर पाण्याने भरून पूजतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, गोड सांजोरी ठेवतात; त्या दिवशी त्याची तहान भागते असं मानतात. त्याच्या ओट्यावर त्याच्या आजोबांची, आजीची, चुलत्याची घागर होती. त्याची नव्हती. त्याच्या बापाने ठरवलं होतं की ज्याने आपल्या हाताने जीव दिला, बायको-पोरीला वाऱ्यावर टाकलं, त्याची घागर या घरात भरायची नाही.

मी निघालो तेव्हा त्याची बायको गोठ्याआड उभी होती. हळूच म्हणाली, "आप्पा, खरं सांगा माले. तुम्हीच तठे व्हतात ना. खोलीमा काय दखं तुम्ही? दोर व्हता का?"

मी म्हणालो, "मी पाहिलं नाही, बाई."

तिने मान हलवली. मला सोडून दुसरं कोणी विचारायला नव्हतं तिला, आणि मी तिला दोर होता की नाही हेसुद्धा सांगितलं नाही.

तेव्हापासून माझ्या घराच्या मागच्या खात्यातला एखादा माग थांबला की माझं हातातलं काम थांबतं. दुसरा थांबतो का याची वाट बघतो. दिवसाउजेडी, भाकरीचा तुकडा हातात असताना. वीज गेली आणि सगळे एकदम थांबले तर मला बरं वाटतं. एकेक करून थांबले तर बाहेर जाऊन उभा राहतो. शेजारची ओडिया बाई विचारते, "क्या हुआ चाचा, किसी ने बुलाया?" मी नाही म्हणतो.

या वर्षी पुन्हा ती चर्चा सुरू झाली आहे. जग बदललंय, दूरच्या मोठ्या देशांच्या भरवशावर राहता येत नाही, आता तरी पूर्वेच्या गटात जावं का, असं वर्तमानपत्रांत येतं. मी ते पान उलटून ठेवत असे. मग एके दिवशी फोन आला. जुने अध्यक्ष आता अंथरुणाला आहेत. त्यांचा मुलगा काम बघतो.

"काका, पेली जुनी फाईल काढो ने. पुन्हा चालू झालंय, दिल्लीवाले येतात ऐकायला. आणि ह्या वेळी त्याची मुलगीच बोलेल. मी विचारलं तिला, तयार आहे."

ती मुलगी आता वीस वर्षांची आहे. पलसाण्याच्या रस्त्यावर भरतकामाच्या एका कारखान्यात संगणकावर नक्षीचं काम करते. ती नोकरीही मंडळातल्या एकाने "त्या विणकराची पोरगी" म्हणून दिलेली. रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. बारडोलीकडचा ताजा गूळ आणला होता. वही काढून समोर बसली.

"आप्पा, दोन मिनिटांचं लिहून द्या. हिंदीत, पण सोपं. मंडळाचे शेठ म्हणाले रडायचं नाही. पण गळा भरून आला तर चालेल." ती हसली. हसताना ती बापासारखी तोंडावर हात ठेवते. "मला काय बोलायचं ते माहितीये. मी एवढंच सांगणार की माझ्या वडिलांनी हार मानली, तशी बाकीच्यांच्या वडिलांवर वेळ येऊ नये."

"तू असं मानतेस? त्याने हार मानली असं?"

"मग काय मानू?" ती वहीकडे बघत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी गावी यायचे होते. मी झोक्याची दोरी बांधून ठेवायला सांगितली होती मामाला. त्यांना एक दिवस नाही काढता आला आमच्यासाठी? आधी फार राग यायचा. आता नाही येत. लिहा ना."

परवाच्या सभेत ती एवढ्या लोकांसमोर उभी राहून आपल्या तोंडाने हे बोलणार होती. मग ते माझं खोटं राहिलं नसतं, तिचं झालं असतं.

मी तिला सांगितलं. आधी अखाजी, बदली, तीन माणसांचे माग. मग पत्र्याचं छत, एकेक करून थांबलेले माग. मग अध्यक्ष, निवेदन आणि तिच्या आईची सही. ती पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिली.

"म्हणजे पप्पांनी काही केलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही. तो काम करत होता. तुमच्याकडे यायचं म्हणून जास्तीचं करत होता."

तिने तिथूनच आईला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन चटईवर ठेवला. "तुम्हीच सांगा," म्हणाली. "मी नाही सांगणार."

मी त्याच्या बायकोला सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"त्या खातामा गयात?"

"हो, बाई."

"मंग त्यासनी सोता काही करं नही?"

"नाही."

"सात अखाज्या गयात, आप्पा." ती म्हणाली. "सात. मी डोकावरथून घागर आनू आनि दुसरास्नी भरू. त्यास्ना बापले मी काय सांगू आते? तो बी मरी गया." मग, "पोरले फोन द्या."

मुलगी फोन घेऊन ओट्यावर गेली. मी आत बसून राहिलो. मला वाटलं, झालं. इतक्या वर्षांनी तोंडातून बाहेर पडलं. अंग हलकं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या हलकेपणाची मला लगेच लाज वाटली, कारण एक गोष्ट मी अजूनही गाळली होती. वर मी लिहिलं, "पुढे तो गेला." तीच ती गोष्ट.

ती आत आली ती उभीच राहिली. "आप्पा, एक समजलं नाही. खोलीत सापडले असं तुम्ही नुसतं सांगितलंत, की त्यांना खोलीत नेलं होतं? कारण आई म्हणते, चाळवाल्यांनी त्यांना खोलीतूनच उचललेलं पाहिलं होतं."

मी म्हणालो, "नेलं होतं."

"मेल्यावर?"

मागच्या खात्याचा आवाज एकसारखा येत होता. मी म्हणालो, "नाही."

मी पोचलो तेव्हा तो जिवंत होता. ताग्यांवर पडून त्याने माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं. ओठ हलले, मागांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही आणि मी वाकून ऐकलं नाही. शेठ म्हणाला, ॲम्ब्युलन्स इथे नको, त्याच्या खोलीवर बोलवू, तिथून नेऊ. टेम्पोत त्याला घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. टेम्पो दवाखान्याकडे वळला नाही, खाडीकडे वळला, आणि मी ड्रायव्हरला काही म्हणालो नाही. खोलीचं कुलूप माझ्याच हाताने उघडलं. किल्ली त्याच्या खिशात होती. चटईवर निजवलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा तो गेलेला होता. ती आत्महत्येची गोष्ट मी अध्यक्षांच्या सांगण्यावरून लिहिली, हे खरं. पण ती लिहिताना मला बरंही वाटलं होतं. त्या गोष्टीत तो खोलीत स्वतःच्या पायांनी गेला होता.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते वाचले असते?"

"माहीत नाही."

"डॉक्टरला विचारलंत कधी?"

"नाही."

तिने वही पिशवीत घातली. गुळाची पुडी तशीच राहिली होती, तिच्याकडे बघून ती म्हणाली, "परवा मी नाही बोलणार. तुम्ही बोला." आणि गेली.

मी गेलो. तेच सभागृह, नवे अधिकारी. विणकर मालक बोलले, सूतवाले बोलले, निर्यातवाले बोलले. एकाने फार चांगलं सांगितलं, की आपण गटात जायचं असेल तर आधी इथले जुने माग, इथली वीज, इथलं सूत नीट करा, मग खुशाल जा. मला वाटलं, तेव्हाही हे बोलता आलं असतं. आमची बाजू खोट्यावाचून मांडता येत होती.

माझं नाव पुकारल्यावर मी कागद वाचला. सात वर्षांपूर्वी याच विषयावर दिलेल्या निवेदनातला विणकराचा मृत्यू खोटा लिहिलेला आहे. तो मी लिहिला. तो माणूस खात्यात काम करताना कोसळला आणि त्याला दवाखान्यात न्यायला उशीर केला गेला, त्यात मी होतो. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांचा मुलगा माझ्या बाहीला धरून म्हणाला, "काका, आ शुं कर्युं तमे? आता आपली बाजू कोण ऐकेल?"

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने कागद घेतला, पुन्हा वाचला आणि हिंदीत विचारलं, "म्हणजे आपलं मत, देशाने गटात जावं असं आहे?"

"त्यावर मला काही म्हणायचं नाही, साहेब. फक्त त्या माणसाला जुन्या कागदातून काढा."

"जुना कागद तर बदलता येत नाही," तो म्हणाला. "हा त्याच्यासोबत लावतो." त्याने शिक्का मारून मला पोच दिली.

मुलगी मागच्या खुर्च्यांत बसली होती. मला ते माहीत नव्हतं. बाहेर पडल्यावर ती जवळ आली. आप्पा म्हणाली नाही. "ते खातं दाखवा," म्हणाली.

आम्ही रिक्षाने उधन्याला गेलो. त्या खात्यात आता नवे माग आहेत. दारातूनच पाण्याचा वास येतो. ती आत गेली नाही. दाराशी उभी राहून तिने मोबाइलवर वेळ पाहिली आणि म्हणाली, "आधी खोली." आम्ही चालत निघालो. गल्ली, बाजार, खाडीवरचा पूल, चाळ. खोलीत आता बिहारकडचं एक कुटुंब राहतं. दारात मसाला वाळत घातला होता. ती तिथे थांबली नाही. वेळ पाहिली, मागे फिरली. पुन्हा खात्याच्या दाराशी येऊन म्हणाली, "आता दवाखाना."

माझ्या गुडघ्यांना तिची चाल झेपत नव्हती. ती पुढे, मी मागे. मोठा रस्ता ओलांडला की दवाखान्याचं फाटक लागतं. मी पोचेपर्यंत ती फाटकाशी उभी राहून मोबाइलकडे बघत होती.

"खोली एकोणीस मिनिटं," ती म्हणाली. "हे सहा."

तिने मोबाइल पिशवीत ठेवला. पलसाण्याची बस समोरच्या बाजूला थांबली होती. ती रस्ता ओलांडून गेली. मी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो. रखवालदाराने विचारलं, कोणाला भेटायचंय. मी म्हणालो, कोणाला नाही. "मग इथे बसू नका," तो म्हणाला, "गाड्या यायची वाट आहे." मी उठलो आणि त्याने दाखवलं तिकडे बाजूला उभा राहिलो.